खोट्या अर्थांचा आडत्या

परतूरमध्ये मला खोली मिळाली ती खोटं बोलल्यामुळे.

मी तेव्हा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो आणि नुकतीच बदली झाली होती. मी भोकरदन तालुक्यातला, धावड्याचा. परतुरात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. दवाखान्यातल्या शिपायानं सांगितलं की मोंढ्यामागच्या गल्लीत एका शेठची माडी रिकामी आहे. "पण सायेब, मालकाचं डोकं जरा येगळंच चालतंय," असंही तो म्हणाला. सरकारी नोकरीत वेगळ्या डोक्यांची सवय असते, म्हणून मी गेलो.

माडीखाली आडतीचं दुकान होतं. शेतकऱ्याचा माल मोंढ्यात आला की त्याचा लिलाव पुकारून व्यापाऱ्याला विकून द्यायचा, हा आडत्याचा धंदा. शेठ गादीवर मांडी घालून बसले होते. धोतर, बंडी, खांद्यावर रुमाल. गाव कुठलं, मांस-मच्छी खाता का, बायको कधी आणणार, या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मेट म्हंजे काय?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मंग खोली न्हाई."

मी उठलो. दारापर्यंत गेलो. लॉजवरचे ढेकूण आठवले आणि परत फिरलो.

"आठवलं," मी म्हणालो. "म्हैस आटली की तिच्या पाठीवर ओलं गोणपाट टाकतात. त्याला मेट म्हणतात."

"ओलंच का?"

"कोरडं टाकलं तर म्हशीला अपमान वाटतो."

शेठच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी आत वळून आवाज दिला, "अहो, चहा टाका. भाडेकरू आल्ता, तो ऱ्हायला." नंतर किल्ली पुढे करत म्हणाले, "किल्ल्याच्या चढावर पहाऱ्याची चौकी असती, तिला मेट म्हणतात. पर तुमची म्हैस जास्त चांगली हाय."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते वाचतील आणि माझ्या आडनावाचा भलताच अर्थ तयार करून गावभर वाटतील.

शेठचं घराणं पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. घरात मारवाडी, दुकानात आपली मराठी, आणि हमालावर चिडले की हैदराबादी उर्दू. पण जीव जडला होता मराठी शब्दकोशावर. तो कोश त्यांना एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या रद्दीत सापडला होता. पुढची पानं गळालेली, त्यामुळे त्यांच्या मराठीत अ पासून सुरू होणारे निम्मे शब्द नव्हतेच. "अक्कल हाय का न्हाई त्याला," असं ते कुणाविषयी म्हणाले की काकीजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून सांगायच्या, "तुमच्या पोथीत ते पान न्हाई."

त्यांच्या घरात "माहीत नाही" म्हणायला बंदी होती. पोस्टमननं विचारलं, अमके कुठं राहतात, तरी शेठ पत्ता सांगायचे. तो पत्ता बहुतेक वेळा खोटा असायचा, पण इतका तपशीलवार असायचा की पोस्टमन आभार मानून जायचा. नवीन पोस्टमन, अर्थातच. जुना त्यांच्या दुकानावरून मान खाली घालून सायकल हाणायचा. मोंढ्यात मापात ते खोटं बोलत होते का, हे मला सांगता येणार नाही. काही शेतकरी देवमाणूस म्हणत, काही वेगळं म्हणत. कोणत्याही आडत्याविषयी ऐकलं तरी साधारण हेच ऐकू येतं.

अमावास्येला मोंढा बंद असतो. लोक त्या दिवशी दाराला लिंबू-मिरची बांधतात; आमच्याकडे दुपारची जेवणं उरकली की शेठच्या बैठकीत खेळ बसायचा. शेठ, काकीजी, मी, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि हमालांचा मुकादम. खेळ सोपा होता. शेठ कोशातून कुणालाच माहीत नसलेला शब्द काढायचे. त्याचा खरा अर्थ ते एका चिठ्ठीवर लिहायचे. आम्ही बाकीच्यांनी आपापल्या चिठ्ठीवर आपल्या मनाचा अर्थ लिहायचा. सगळ्या चिठ्ठ्या पितळी तांब्यात. मग शेठ एकेक काढून वाचायचे आणि खरा कोणता ते ओळखून आम्ही हात वर करायचे. ज्याच्या खोट्याला जास्त हात, तो जिंकला. बक्षीस काही नाही. शेठ त्याला एकदा "वा" म्हणायचे, आणि मुकादम तो "वा" मोंढ्यात पुढच्या अमावास्येपर्यंत मिरवायचा.

या खेळात वाचणाऱ्याचं काम सगळ्यात अवघड. खरं आणि खोटं दोन्ही एकाच आवाजात वाचावं लागतं. हसू आलं, श्वास अडला, भुवई हलली की भांडं फुटलं. शेठ याबाबतीत उस्ताद होते. जुन्या काळी मोंढ्यात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे, त्या शाळेत शिकलेला माणूस. "खाली बोटं काय बी करू द्या, तोंडावर काय दिसता कामा न्हाई," असं ते म्हणायचे. आणि आवाज तर असा की तुरीच्या ढिगाशी उभं राहून पुकारा केला की फाटकाबाहेरचा पानवालाही भाव ऐकून घ्यायचा. त्या आवाजात त्यांनी "तोडर, म्हंजे पाहुण्यानं ताटात टाकून दिलेली पुरणपोळी" असं वाचलं की कुणाच्या तरी मनात येणारच, की असेल बाबा, जुन्या काळी पाहुणे माजलेलेच असत.

प्रत्येकाची लिहिण्याची खोड ठरलेली होती. गुरुजी गणिताचे. त्यांच्या अर्थात माप किंवा कोन असायचाच. मुकादमाच्या मते मराठीतला प्रत्येक अनोळखी शब्द हा खाण्याचा पदार्थ होता. मी जनावरांत अडकलेलो. आणि काकीजी... त्यांना कुठलाही शब्द द्या, त्यांच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ नवरा असायचा. "आलोच म्हणून जाणारा आणि भाजी थंड झाल्यावर येणारा माणूस." "दुसऱ्याच्या घरी गोड बोलणारा." "ऐकू येतं तरी न ऐकणारा." शेठ तेही त्याच कोऱ्या चेहऱ्यानं वाचायचे. चिठ्ठी कुणाची ते सगळ्यांना लगेच कळायचं, त्यामुळे काकीजींना कधी एकही मत पडलं नाही. त्यांना त्याची फिकीरही नव्हती. त्या पदर तोंडाला लावून हसत बसायच्या. एकदा त्यांना वाचायला बसवलं, तर पहिल्याच चिठ्ठीला त्या इतक्या हसल्या की चिठ्ठी भिजली. शेठनी तांब्या ओढून घेतला.

खेळ अर्धवट सोडून उठायचं नाही, हा एकच कडक नियम होता. गुरुजींनी तो मोडला. शब्द होता "वोखटा". चिठ्ठ्या वाचून झाल्या आणि गुरुजींना जालन्याची गाडी आठवली. खरा अर्थ न ऐकताच ते स्टेशनकडे पळाले. त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, वोखटा म्हणजे सगळ्यांना सांभाळून घेणारा. हा अर्थ माझा होता, मला अभिमान आहे. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या जुन्या शाळेत मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला. गुरुजी भाषणात म्हणाले, "इतका वोखटा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही." टाळ्या पडल्या. फक्त मुख्याध्यापकांचे वडील खुर्चीतून उठून उभे राहिले. ते जन्मभर भजनी मंडळात होते, आणि जुन्या अभंगांत वोखटा म्हणजे वाईट, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

गुरुजी तणतणत दुकानात आले. शेठ शांतपणे म्हणाले, "गुर्जी, खेळ सोडून जो उठतो त्याच्या पदरात खोटंच पडतंय. म्या काय करू?"

नंतर शेठचा आवाज बसला.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. हंगामात आडत्याचा घसा बसतोच. शेठनी आधी पंख्याला दोष दिला, मग एका लग्नातल्या बर्फाच्या गोळ्याला, मग काकीजींच्या फोडणीला. तोंडातल्या तंबाखूचं नाव मात्र घेतलं नाही. हंगाम संपला तरी आवाज सुटेना. मुकादमच पहिल्यांदा बोलला. "सेठ, आवाज कू क्या हुआ? पहिले गेट तक आता था, अब मेरे तक भी नै आता."

शेवटी बाहेरगावी नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं येऊन त्यांना गाडीत घालून संभाजीनगरला नेलं. गळ्यातला तुकडा तपासला. कर्करोग होता. डॉक्टर स्पष्ट बोलले: आवाजाचा अवयव पूर्ण काढून टाकायचा, म्हणजे माणूस वाचेल. थांबलात तर नंतर काढूनही उपयोग नाही. शेठ परत आले, फाईल कपाटात टाकली आणि म्हणाले, "बिलकुल न्हाई."

काकीजी फाईल घेऊन माडीवर आल्या. घरात डॉक्टर म्हणण्यासारखा मीच होतो. मी सगळं वाचलं. जनावराचा गळा आणि माणसाचा गळा यांत एवढा फरक नसतो, त्यामुळे मला समजायचं ते समजलं. मी खाली जाऊन शेठना समजावलं. ते म्हणाले, "तुमचं ढोर न बोलता बी जगतंय डॉक्टर. माझ्या धंद्यात आवाज काढल्यावर ऱ्हायलं काय? भुसकट."

गुरुजींनी वजाबाकी करून दाखवली. मुकादमानं दर्ग्यात चादर कबूल केली. मुलगा रडला, ओरडला, नोकरीवर परत गेला. शेठ रोज दुकानात बसत होते आणि फुटक्या आवाजात पुकारा करत होते. व्यापारी कानाला हात लावून दोनदा विचारायचे आणि शेठ तिसऱ्यांदा सांगायचे. मला त्यांचा फार राग यायचा. इतका हुशार माणूस, आणि एवढी साधी गोष्ट कळेना. रात्री जेवताना घास कडू लागायचा, इतका राग.

मग अमावास्या आली. मला वाटलं खेळ होणार नाही. पण दुपारी बैठकीत सतरंजी घातलेली, तांब्या घासलेला. आम्ही बसलो. शेठनी कोश उघडला, तसा काकीजींनी त्यावर हात ठेवला.

"आज शब्द माझा," त्या म्हणाल्या.

"कोनता?"

"लॅरिंजेक्टॉमी." त्यांनी तो अडखळत, पण पुरा म्हटला. पाठ केला होता हे उघड होतं.

फाईलवर ऑपरेशनचं जे नाव होतं, तेच.

"ह्यो शब्द कोशात न्हाई," शेठ म्हणाले.

"तुमच्या कोशात अक्कल बी न्हाई. पर ती असती ना लोकाला? लिहा."

मुकादम खोकला. शेठनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. खेळ सोडून उठायचं नाही हा नियम त्यांचाच. त्यांनी पेन्सिल घेतली. आम्हीही घेतली. चिठ्ठ्या तांब्यात पडल्या. शेठनी पहिली काढली आणि उरलासुरला आवाज गोळा करून वाचली.

"मोठी रक्कम वाचवायची म्हणून तीतून लहान रक्कम वजा करणे." गुरुजी.

"ईद का एक किसम का खीर. गले में अटकता, लेकिन उतरता जरूर." मुकादम. अशा वेळीही खाणं सुटलं नाही, याचं मला कौतुक वाटलं.

"घशातला आवाजाचा अवयव काढून माणूस वाचवण्याची शस्त्रक्रिया." हे मी लिहिलं होतं. मला खोटं सुचलंच नाही.

"जित्तेपणी दुकान बंद करणं." हे शेठचं स्वतःचं. तेही त्यांनी त्याच आवाजात वाचलं. पुढच्या चिठ्ठीला हात घालायला मात्र त्यांना वेळ लागला.

ती काकीजींची होती. शेठनी वाचायला सुरुवात केली. "असं आप्रेशन, की ज्याच्यानंतर नवरा मधी बोलू शकत न्हाई. लग्न झाल्यापासून बायकोला जे बोलायचं ऱ्हाऊन गेलं, ते ती त्याला सांगती. त्याला ऐकावंच लागतं. उठून जाता येत न्हाई, कारण..." इथे शेठचा आवाज फाटला. त्यांनी घसा साफ केला, होईना. पाणी प्यायले आणि पुरं केलं, "...कारण त्याला बी ऐकायचं असतं."

"खरा कोनता?" त्यांनी विचारलं.

गुरुजींचा हात वर गेला, मुकादमाचा गेला, माझाही गेला. तिन्ही काकीजींच्या चिठ्ठीला. काकीजींना पहिल्यांदाच मतं पडली. या वेळी त्या हसल्या नाहीत.

शेठनी ती चिठ्ठी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "काय बोलायचं ऱ्हायलं इतकं?"

"ते आप्रेशन झाल्यावर सांगीन."

"आत्ता सांगा."

"आत्ता तुमी मधी बोलताल."

"न्हाई बोलत."

"बोलले की."

शेठनी तोंड मिटलं. शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय ज्याला जेवण जायचं नाही असा तो माणूस. गुरुजींच्या वजाबाकीनं, मुकादमाच्या चादरीनं आणि माझ्या शास्त्रानं जे झालं नाही ते एका राहून गेलेल्या बोलण्यानं केलं. ते म्हणाले, "पोराला फोन लावा. म्हनावं, जल्दी ये."

ऑपरेशन झालं. शेठ वाचले. गळ्याला भोक, त्यावर जाळीदार फडकं, आणि तोंड उघडलं तर नुसता वारा. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं. शेठनी ते एकदा लावून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, "हे आडत्यावाणी वाटत न्हाई. टेसनावरची बाई बोलून राह्यली वाटतं." यंत्र परत गेलं. दुकानात पुकारा आता मुकादम करतो आणि शेठ शेजारी उभं राहून बोटांनी भाव सांगतात.

काकीजींनी त्यांना काय सांगितलं, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की दुपारी माझ्या माडीवर खालून त्यांच्या बोलण्याचा आवाज यायचा, न थांबता, वाणसामान निवडता निवडता. मधेच शेठ वजनाचं माप फरशीवर आपटायचे. त्यावर त्या म्हणायच्या, "आपटा. मी काय थांबणार न्हाई." मग दोघांपैकी एकाचं हसू ऐकू यायचं आणि दुसऱ्याचं नुसतं वारं.

माझी भोकरदनला बदली होण्याआधीची शेवटची अमावास्या. खेळ पुन्हा बसला. शब्द शेठनीच काढला, पण वाचायचं कुणी? मुकादमाला मराठी वाचताना चष्मा लागतो आणि तो चष्मा त्यानं कधीच विकत घेतला नाही. गुरुजी वाचतात तेव्हा सगळं परीक्षेचं वाटतं. मला शेठनी मान हलवून नकार दिला. तांब्या काकीजींकडे गेला.

त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली आणि हसल्या. दुसरी उघडली आणि वाचायच्या आधीच हसल्या. तिसरीला गुरुजी म्हणाले, "ही खोटी, तुमच्या तोंडावरच लिहिलंय." खेळाचा पार चुथडा झाला. शेठचा चेहरा लाल. त्यांनी माप आपटलं, पेन्सिल घेतली, एका कोऱ्या चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि काकीजींच्या मांडीवर फेकलं.

काकीजींनी ती उचलली. वाचली. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला. भुवई नाही, श्वास नाही, काही नाही. मोंढ्यातल्या आवाजात त्यांनी पुकारलं, "वाचणारी बदला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"ह्यो अर्थ कुनाकुनाला खरा वाटतो?" काकीजींनी त्याच आवाजात विचारलं. "हात वर करा."

गुरुजींचा हात हलला नाही. मुकादमाचा नाही. माझा नाही. मग आम्ही शेठकडे पाहिलं. चिठ्ठी त्यांचीच, तरी त्यांनी आपला उजवा हात मांडीखाली घट्ट दाबून धरला होता.